वहिनीनं जोडलेला भोंगा

लालबर्र्याच्या रस्त्यावरच्या राइस मिलमध्ये मी बॉयलर सांभाळतो. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धानाला वाफ लागते. बॉयलरमधलं पाणी संपलं आणि भट्टी पेटलेलीच राहिली, तर काय झालं ते सांगायला जवळ कुणी उरत नाही. म्हणून वर्षानुवर्षं घास तोंडात आणि डोळे काचेच्या नळीतल्या पाण्यावर, असं माझं जेवण. बायको म्हणायची, माझ्याकडे कधी असं टक लावून पाहिलं नाही.

मग सेठनं पाण्याची पातळी मोजायचं यंत्र आणलं. ते जोडायला आली माझी वहिनी. तिनं या कामाचा डिप्लोमा केलाय आणि तोंडानं फटकळ आहे. पोळ्या लाटताना ती नुसती घाई करते; त्या यंत्राच्या पेटीपुढे मात्र तार सोलायची, तिच्यावर ओळखीचा नंबर चढवायची, स्क्रू आवळायची आणि तार ओढून पाहायची. मी आपला पाहतच राहायचो.

यंत्राच्या हुकमानं चालणारे दोन रिले, म्हणजे विजेनं ओढले जाणारे स्विच, होते. एक भोंग्याचा, दुसरा भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याचा. वहिनीनं ते असे जोडले की सगळं ठीक असेपर्यंत दिवसभर ओढलेले राहावेत. पाणी कमी झालं किंवा त्यांची वीज तुटली की ते सुटावेत, आणि सुटले की भोंगा वाजावा, पंखा थांबावा.

सेठ म्हणाला, "खतरा आए तब चालू हो, दिनभर काहे पकड़ के रखना?"

"सेठजी, आप चावल देखो," वहिनी म्हणाली. सेठ खरंच तांदूळ बघायला गेला.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा होते. सेठनं हौसेनं नव्या पेटीलाही झेंडूची माळ घातली, ती नेमकी पाण्याची पातळी कळवणाऱ्या सिग्नलच्या तारेला अडकवून. दुसऱ्या दिवशी मी सुकलेली माळ ओढून काढली, तर तारही तुटून हातात आली. भोंगा बोंबलला, पंखा बंद. नळीत बघतो तर पाणी भरपूर!

मिलचा मिस्त्री म्हणाला, "यंत्र खोटं बोलून राह्यलं. बंद करा तो भोंगा."

आमचं घर मिलच्या मागेच. वहिनी कणकेच्या हातानं धावत आली.

"खोटं नाही बोलत ते. त्याले पाणी दिसून नाही राह्यलं, तेच सांगून राह्यलं. भाऊजी, पाणी पार तळाले गेलं तरी या तारेतून थोडा करंट येतेच. काहीच नाही आला, म्हंजे तार तुटली."

सेठच्या म्हणण्याप्रमाणे जोडलं असतं, तर अशीच कधी रिलेची तार तुटली असती तरी सगळं गप्प राहिलं असतं आणि मी यंत्राच्या भरवशावर निवांत जेवत बसलो असतो. सगळ्यांसमोर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

तेव्हापासून तिचा नियम आहे. सकाळी भट्टी पेटवण्याआधी मी ती तार सोडून भोंगा वाजवून पाहायचा, मग तार जोडून काम सुरू.

परवा धानच आलं नव्हतं. भट्टी पेटवायची नव्हती, म्हणून मी गेटवर चहा पीत बसलो होतो. वहिनी अनवाणी पळत आली. मला पाहून तिथेच पायरीवर बसली.

"भाऊजी, आज भोंगा काहून नाही वाजला?"

"धान नाही आलं, वहिनी. आज सुट्टीच."

मी माझा चहा तिच्यापुढे केला. तिनं दोन घोट घेतले, पदरानं तोंड पुसलं.

"तरी वाजवत जा ना," ती म्हणाली.

आता सुट्टीच्या दिवशीही मी सकाळी मिलमध्ये जाऊन भोंगा वाजवून येतो.