जुनी केलेली नंबर प्लेट

माझ्या हद्दीतला तो पहिला अपघात नव्हता, शेवटचाही नव्हता. तरी निवृत्तीनंतर कुणी जुन्या प्रकरणांचा विषय काढला, की मला सगळ्यांत आधी तोच आठवतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी सुरतच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. माझे वडील नंदुरबारहून सुरतला कामाला आलेले, त्यामुळे घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि नोकरीत गुजराती असा माझा कारभार होता. या प्रकरणात त्या तिन्ही भाषा उपयोगी पडल्या.

संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस. तारांवर पतंग अजून लटकत होते. सकाळी सातच्या सुमारास दुधाच्या टेम्पोवाल्याने ठाण्यात वर्दी दिली, की कामरेजच्या रस्त्यावर सायकलवाला मरून पडला आहे. मी पंचांना घेऊन पोचलो. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. चाळिशीचा माणूस, लिंबायतला राहणारा, मूळ धुळ्याकडचा. लूमवरचं काम सुटल्यावर कामरेजजवळच्या एका लहान कारखान्यात लागला होता आणि पहिल्या पाळीसाठी रोज अंधारात सायकल घेऊन निघायचा. चेपलेली सायकल, बंद डबा, हेडलाइटच्या काचा आणि सायकलच्या मडगार्डला घासलेला पांढरा रंग, एवढ्यावर पंचनामा संपला.

साक्षीदार एकच मिळाली. शेजारच्या उसात तोडणीला आलेली एक नंदुरबारकडची बाई. तिने बांधावरून पांढरी मोटार उभी असलेली पाहिली होती. गुजराती हवालदारापुढे ती गप्प होती. मी अहिराणीत विचारलं तेव्हा बोलली. मोटारवाला खाली उतरला, वाकून वाकून रस्त्यावर फिरला, पुढे गेला, मागे आला, काहीतरी उचलून गाडीत ठेवलं आणि निघून गेला. दाणे वेचावेत तसा वेचत होता, असं ती म्हणाली. तिला वाटलं, तो पडलेल्या माणसाला बघतोय आणि आता डॉक्टर आणायला गेला. ती मुकादमाला बोलवायला धावली. दोघं परत येईपर्यंत टेम्पोवाला पोचला होता आणि सगळं संपलं होतं.

काचा तर जागेवरच पडल्या होत्या. मग त्याने वेचलं काय? संध्याकाळी स्टेशन डायरी लिहिताना उत्तर सुचलं. पुढची नंबर प्लेट तुटली असणार.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली होती. माणूस अर्धा तास तरी जिवंत होता. वेळेत उचललं असतं तर वाचण्याची शक्यता होती. त्याची बायको ठाण्यात आली तेव्हा तिने एकच विचारलं, त्यांना फार त्रास झाला का? मी म्हणालो, "नाही बाई. जागीच गेले." असं आम्ही सगळेच सांगायचो. मी सांगितलं आणि माझ्या कामाला लागलो.

त्यानंतर ती दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी येऊन बाकावर बसायची. पदरात दोन मुली होत्या. ती साड्यांना टिकल्या लावायचं काम करायची, त्यावर तिघींचं भागत नव्हतं. वकिलाने तिला सांगितलं होतं, की गाडी सापडली नाही तर भरपाईचा दावा उभाच राहणार नाही. म्हणून ती गाडीची चौकशी करायची. शोध चालू आहे, असं मी सांगायचो.

शोध खरंच चालू होता. नाक्यानाक्यावर माणसं लावून मी नवी प्लेट असलेल्या पांढऱ्या मोटारी अडवत होतो. गॅरेजवाल्यांनाही तेच सांगून ठेवलं होतं: गाडी जुनी आणि प्लेट नवी दिसली, की कळवा. महिना गेला. तशा ज्या गाड्या सापडल्या, त्यांचे मालक निर्दोष निघाले.

मग एक दिवस उधन्याच्या एका गॅरेजवाल्याचा फोन आला. घाबरत बोलत होता. संक्रांतीच्याच आठवड्यात त्याने एका पांढऱ्या अॅम्बेसेडरचा हेडलाइट बदलून बंपर ठोकून दिला होता. तेव्हा गाडीला पुढे प्लेटच नव्हती. परवा तीच गाडी दुसऱ्या कामाला आली, तर प्लेट होती आणि ती दहा वर्षांची दिसत होती. "साहेब, तुमच्या माणसांनी नवी प्लेट सांगितलेली. ही तर जुनी आहे. कळवू की नको, समजेना," असं तो म्हणाला.

गाडी कोसाडच्या एका कॉलनीत उभी होती. मालक पन्नाशीचा, मराठवाड्यातला, एका प्रोसेस मिलमध्ये कलर मास्टर. कापडाचा रंग ग्राहकाच्या नमुन्याशी तंतोतंत जुळवणं हे त्याचं काम. अत्यंत सभ्य माणूस. चहा विचारला, कागदपत्रं आणून दिली. नंबर कागदाप्रमाणेच होता. हेडलाइट कुंपणाला धडकून फुटला म्हणाला.

मी प्लेट पाहत राहिलो. रंग उडालेला, कडांना गंज, आकडे पिवळट. कुणालाही पटेल अशी. मग मागे जाऊन मागची पाहिली. तीही तशीच होती, अगदी तशीच. मी दोन वर्षं वाहतूक शाखेत काढली होती. पुढची प्लेट खडे खाते, मागची धूर आणि चिखल. एका गाडीच्या दोन प्लेटा सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत.

पंच बोलावून दोन्ही प्लेटा जप्त केल्या, मालकाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर राहायला सांगितलं आणि प्लेटा घेऊन लिंबायतच्या पेंटरांच्या गल्लीत गेलो. प्लेट रंगवणारे हिशेबाच्या वह्या ठेवत नाहीत, पण स्वतःचं अक्षर ओळखतात. चौथा पेंटर धुळ्याकडचाच निघाला. त्याने प्लेट हातात घेतली, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"हात मनाच शे, साहेब. पन हाई पाटी इतली जुनी कशी?"

संक्रांत झाल्यावर चार-पाच दिवसांनी त्याने ती जोडी रंगवून दिली होती, नवीकोरी. गिऱ्हाइकाचं वर्णन त्याने बरोबर सांगितलं. मेलेला माणूस आपल्याच गल्लीमागे राहायचा, हे कळल्यावर त्याने प्लेट पटकन खाली ठेवली. आपण गुन्ह्यात अडकू अशी त्याला भीती होती, तरी जबाबावर सही केली आणि पुढे कोर्टातही तो शब्दाला पक्का राहिला.

कलर मास्टर दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. दोन तास त्याने काहीही कबूल केलं नाही. आवाज चढवला नाही, पाणीसुद्धा विचारून प्यायला. मी त्याला हात लावला नाही. अशी माणसं माराने नाही, कामाच्या बोलण्याने उघडतात, असा माझा अनुभव. मी दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "मास्टर, शेड सुंदर जुळवलीय. पण दोन्हीला एकच कशी दिली?"

त्याने दोन्ही प्लेटा उजेडाकडे तिरक्या धरून पाहिल्या. मग म्हणाला, "मागची मूळ प्लेट पुढचीपेक्षा काळी होती. मला माहीत होतं. पण अक्षर सारखं दिसावं म्हणून जोडी रंगवून घेतली, तेव्हाच ती भंगारात दिली होती. सॅम्पल एकच हातात होतं."

तिथून तो बोलत गेला. बायको आणि मुलीला गावच्या गाडीत बसवायला तो कामरेजला गेला होता, परतताना धुक्यात सायकल दिसली नाही. उतरला. मुलीचं लग्न ठरलेलं, नोकरीवर जाईल, असं सगळं डोक्यात आलं. प्लेट तुटून दोन तुकडे पडले होते. एक लगेच मिळाला, दुसरा शोधावा लागला.

"तो माणूस जिवंत होता?"

"हो. पाणी मागत होता."

"गाडीत पाणी होतं?"

"बाटली होती."

"मग?"

"मी तुकडा शोधत होतो, साहेब."

मी हे शब्द लिहून घेतले, पण पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. चालतं ते आरोपीच्या सांगण्यावरून सापडलेलं. तुटकी प्लेट कुठे आहे विचारलं, तर त्याने ती टाकलीच नव्हती. घरी माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली होती. तिच्याबरोबर पत्र्याचे सहा तुकडे निघाले, प्रत्येकावर गंजाची वेगळी छटा. मिलमधून आल्यावर आठ-दहा दिवस बसून त्याने जुन्या प्लेटशी रंग जुळवला होता. काम संपल्यावर सॅम्पल फेकायचं नाही, ही पंचवीस वर्षांची सवय त्याला नडली. प्लेटच्या तुटक्या कडेवर सायकलचा हिरवा रंग होता. प्रयोगशाळेत तो जुळला.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं, या दोन कलमांखाली त्याला शिक्षा झाली. फार मोठी नव्हती. वाकून तुकडे वेचल्याबद्दल वेगळं कलम नाही.

दावा उभा राहिला. त्या बाईला भरपाई मंजूर झाली, त्यानंतर थोड्या दिवसांनी ती ठाण्यात आली. मला वाटलं, आभार मानायला. ती नेहमीच्या बाकावर बसली नाही, सरळ टेबलासमोर उभी राहिली. वकिलाच्या कारकुनाने तिला शवविच्छेदनाचा अहवाल वाचून दाखवला होता.

"साहेब, तुम्ही माले खोटं सांगं," ती म्हणाली.

मी सारवासारव करायला लागलो. तिने ऐकून घेतलं आणि त्या अर्ध्या तासात ते काही बोलले का, असं विचारलं. तिला खरं सांगायला मला वेळ लागला. पाणी मागत होते, असं सांगितलं. मग तिने मोटारवाला कुठला ते विचारलं. मराठवाड्यातला, मराठीच, म्हणून सांगितलं.

"मंग त्याले समजनं व्हई."

"हो," मी म्हणालो. "समजलं होतं."

ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

भीतीने पळून गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि भीती मी समजू शकतो. ती काही मिनिटं टिकते. पण त्यानंतर रोज संध्याकाळी शांतपणे गंजाची छटा जुळवत बसणारा माणूस भीतीत नव्हता. तो आपल्या कामात होता. गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर काही दिसेल म्हणून शोधणं मी तेव्हापासून सोडलं.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती आहे. पुढे नोकरीत मला अनेक घरांना मृत्यूची बातमी द्यावी लागली. समोरच्याने विचारल्याशिवाय मी जास्त सांगत नसे. पण विचारलं, की जे घडलं तेच सांगायचो. "जागीच गेले" हे शब्द, खरंच तसं असल्याखेरीज, मी परत कधी वापरले नाहीत.