उभ्या गाडीचा मॅप

"उभ्या गाडीला मॅप कशाला, मामा? नुसता पाईप बसवून देतो."

मेकॅनिक हे हळू आवाजात म्हणाला. मी गॅरेजच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मोबाईल घेऊन बसले होते. मी बोलत नसले की मी ऐकतही नाही, असं लोकांना वाटतं. मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग तो चपलेच्या टोकानं जमिनीवरचा एक नट इकडून तिकडे ढकलत राहिला.

गाडी म्हणजे दादाची मोटारसायकल. सकाळी निमोण्याहून मामाच्या पिकअपमध्ये आम्ही ती दौंडला आणली होती. एरवी त्या पिकअपमधून कांद्याच्या गोण्या जातात, त्यामुळे गाडीच्या चाकांना अजून कांद्याची साल चिकटलेली होती. सोबत पुठ्ठ्याचा एक लांब खोका होता. त्यातला सायलेन्सर दादानं मागवला तेव्हा तो स्वतःच्या पायांवर चालत होता. खोका घरी आला तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये होता.

दादा गाडीवरून पडला नाही. हे आम्हाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागलं. भेटायला आलेली माणसं चहाचा कप हातात घेऊन अंगणातल्या गाडीकडे बघायची आणि म्हणायची, तरी एवढी मोठी गाडी पोराच्या हातात द्यायची कशाला. मग मम्मी सांगायची, गाडीवरून न्हाई, चाळीवरून. कांद्याच्या चाळीचा पत्रा वाऱ्यानं उचकटला होता. तो बसवायला दादा वर चढला आणि पत्र्यासकट पाठीवर पडला. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. चाळीवरून म्हटल्यावर लोकांचा थोडा हिरमोड व्हायचा. गाडीला नावं ठेवता येत होती, चाळीला काय म्हणणार?

कमरेखाली त्याला काही कळत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात मम्मी-पप्पांना केबिनमध्ये बोलावलं. इंग्रजी काही निघालं तर समजावं म्हणून पप्पांनी मलाही आत घेतलं, पण डॉक्टर अगदी साध्या मराठीत बोलले. पप्पांनी विचारलं, मग चालंल कवा? डॉक्टर म्हणाले, चालणार नाही. पप्पांनी मान हलवली आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मम्मीनं आम्हाला दोघांना बजावलं, यातलं एक अक्षर घरात काढायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. घरात बोललेलं वाईट खरं होतं.

आमच्याकडे हे लहानपणापासून होतंच. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. पण आता घरात 'नाही' हा शब्दच बंद झाला आणि 'दादा उठला की' सुरू झालं. दादा उठला की अंगणात फरशी टाकू, दादा उठला की माझ्यासाठी स्थळ बघू. मामा आला की दारातूनच म्हणायचा, "काय पैलवान, आज उठायचं का उद्या?" दादा हसायचा. तो कधीच विचारायचा नाही, की मी उठणार आहे का. तो सायलेन्सरबद्दल विचारायचा.

तो दिवसभर मोबाईल तोंडासमोर उंच धरून व्हिडिओ बघायचा. बरेचसे इंग्रजीत. तो गावातल्या शाळेत शिकला, मला पप्पांनी शिरूरला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, त्यामुळे औषधफवारणीच्या डब्यापासून गोळ्यांच्या पाकिटापर्यंत घरातलं सगळं इंग्रजी मीच वाचते. आता हे आलं. सायलेन्सर बदलला तर इंजिन रिमॅप करावं, म्हणजे किती पेट्रोल यायचं ते लॅपटॉपवरून नव्यानं ठरवून द्यावं लागतं की नाही, यावर जगभरची माणसं भांडत होती. एक म्हणायचा काही गरज नाही, गाडी आपली आपण शिकून घेते. दुसरा म्हणायचा इंजिन जळेल. मी पलंगाच्या कडेला बसून व्हिडिओखालच्या कमेंट वाचून दाखवायचे. "लीन म्हणजे काय?" त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, हवा जास्त, पेट्रोल कमी. तो म्हणाला, म्हणजे कोरडी चालते. हा शब्द मला सुचला नसता. दुपारी बाकीचे शेतात गेलेले असायचे, घरात आम्ही दोघंच. आयुष्यात दादाशी मी एवढं बोलले नव्हते, आणि सगळं बोलणं सायलेन्सरचं.

शेवटी त्यानं हट्टच धरला की सायलेन्सर बसवून आणा आणि मॅपचं दौंडच्या मेकॅनिकला विचारा, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. पप्पा तयार होईनात. मम्मी म्हणाली, जाऊ द्या, त्यानं मागितलंय ना. गाडी पिकअपमध्ये चढवताना पप्पांनी तिच्या सीटवर हात ठेवला, मग सरळ विहिरीकडे निघून गेले.

मेकॅनिक तिशीतला असेल. खोका उघडल्या उघडल्या म्हणाला, ताई, नुसता मागचा डबा असता तर मॅपचं नावसुद्धा काढलं नसतं, बसवला आणि गेला. पण ही फुल सिस्टीम आहे, पार इंजिनच्या तोंडापासून. मधला जाळीचा डबाही निघणार. इंजिन मोकळा श्वास घेणार आणि पेट्रोल मात्र कंपनीनं ठरवलं तेवढंच येणार. गावातल्या गावात फिरवली तर चालून जाईल, पण हायवेला ताणली की इंजिनचं हेड तापणार. मॅप करायलाच पाहिजे. आवाज कमी करायची आतली नळी काढू नका, हेही त्यानं बजावलं, नाहीतर पोलीस असले सायलेन्सर रस्त्यात मांडतात आणि वरून रोलर फिरवतात. मामा म्हणाला, "आमच्या गल्लीत रोलर यायचा म्हंजी आधी रस्ता तरी हुईल."

मग मेकॅनिकनं विचारलं, गाडी चालवतं कोण? मॅप करायचा तर तो माणूस लागेल. लॅपटॉप जोडून त्यानं गाडी चालवायची, त्याचं वजन, त्याचा हात, तो ॲक्सिलरेटर कसा पिळतो, ते बघून आकडे बसवायचे. "ज्याची गाडी त्यानंच यायला लागतं," तो म्हणाला. मामा त्याला बाजूला घेऊन गेला. पुढचं मी खुर्चीवरून ऐकलं.

पाईप बसवायला दुपार झाली. गाडी सुरू करायच्या आधी मी दादाला व्हिडिओ कॉल लावला, तसं ठरलंच होतं. मी कॅमेरा सायलेन्सरकडे धरला. मेकॅनिकनं बटण दाबलं. आवाज जाड होता, छातीत उतरत होता. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. मग त्यानं ॲक्सिलरेटर पिळून एकदम सोडला आणि पाईपमधून फटफट असे छोटे बार निघाले.

"ऐकलं का?" दादा मोबाईलमधून म्हणाला. "सोडल्यावर फुटतंय. कोरडी चालतीय. त्याला म्हणावं मॅप कर."

मेकॅनिक माझ्याकडे बघत होता. मी विचारते म्हणाले आणि फोन ठेवला. मेकॅनिक फडक्यानं टाकी पुसायला लागला. टाकी खराब नव्हती. निघताना तो मला म्हणाला, ताई, आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवत जा, बॅटरी उतरते.

परतीच्या वाटेला लागलो. भीमेच्या पुलावर मामा म्हणाला, "त्याला म्हणू, मेकॅनिककडं आत्ता ते केबल न्हाई. पुढच्या महिन्यात येनार हाय." मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मामानं ते माझं हो समजलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मम्मीनं भाकरीचा तुकडा गाडीवरून ओवाळून लांब फेकला. मामानं दारातूनच ठरलेलं सांगून टाकलं. केबल, पुढचा महिना, आन् तवर तू उठतोच की, तुझ्याच हातानं करून घे. दादा म्हणाला, बरं. मामा गाडी उतरवायला बाहेर गेला, मम्मी देवापाशी वात लावायला आत. मी मोबाईल चार्जिंगला लावत होते.

"केबलचं खरं हाय का?" दादानं विचारलं.

मी पिन नीट बसली की नाही ते बघत राहिले.

"मॅपला स्वतः गाडी चालवायला लागती," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय. व्हिडिओत बघितलंय मी. म्हणून तर तुम्हाला पाठवलं."

मी वळून पाहिलं. त्याची दाढी वाढली होती. उशीवरची मान माझ्याकडे वळवून तो वाट बघत होता. त्यानं तो सायलेन्सर का बसवायला लावला होता, ते मला तेव्हा कळलं. सरळ विचारलं असतं तर सगळ्यांनी सरळ खोटं सांगितलं असतं. म्हणून त्यानं असं काही मागितलं होतं, की एका कुठल्यातरी परक्या माणसाला तरी म्हणावं लागेल, त्याला घेऊन या. आणि ते ऐकायला मी गेले होते.

"बाकीच्यांना मी इचारनार न्हाई," तो म्हणाला. "तू सांग. करायचा का मॅप?"

आतून घंटीचा आवाज आला. मम्मी हात जोडून पुटपुटत असणार. आणि मला हे तिन्हीसांजेला, दिवा लागलेला असताना, घराच्या मधोमध बोलायचं होतं. मी पलंगाच्या कडेला, रोज वाचायला बसते तिथेच बसले. 

"नको करू, दादा. तुला ती आता चालवता येणार नाही. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलंय."