ओनरच्या रकान्यातलं नाव

"दशरथा, मी मेले म्हणे. आणि मारलंस तू."

सुंदराबाई दारातच उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कसबा पेठेतल्या बायकांचा आवाज वयाबरोबर खाली येत नाही. समोरच्या दोन खिडक्या लगेच उघडल्या. दशरथराव करडे चहाचा कप हातात घेऊन उठले आणि तसेच उभे राहिले.

सुंदराबाईंचे यजमान साखर कारखान्यात होते. त्यांच्या मागे बाईंना पेन्शन मिळायची, ती ज्या संस्थेकडून यायची तिच्याच कॉम्प्युटर विभागात दशरथरावांनी उभा जन्म काढला होता. या महिन्यात पेन्शन आली नाही म्हणून बाई रिक्षा करून संस्थेच्या खिडकीवर गेल्या होत्या.

"तिथला पोरगा म्हणतो, तुम्ही मयत आहात. म्हटलं, अरे, मयत माणूस रिक्षा करून येतो का? म्हणाला, कॉम्प्युटरवर तसं आहे, एकट्या तुमचं नाही, पुष्कळांचं झालंय. कुणी केलं विचारलं तर म्हणाला, डी. करडे नावाच्या ऑपरेटरनं जॉब चालवला, त्याच्या नावावर दिसतंय."

"मावशी, मला रिटायर होऊन वर्ष होत आलं."

"मग तिथं काय तुझं भूत बसतंय?"

शालूताई, म्हणजे दशरथरावांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "मावशी, आत या, चहा घ्या." सुंदराबाई वळल्या. "नको बाई. मेलेल्या माणसाला चहा कशाला?" असं म्हणून काठी टेकत त्या निघून गेल्या. खिडक्या मात्र उघड्याच राहिल्या.

दशरथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्यांच्या नाकावरच असायचा हे पेठेला ठाऊक होतं. भाजीवाल्यावर, महापालिकेवर, चुकीच्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरवर ते रोज चिडायचे आणि जेवायच्या आत विसरायचे. हा राग निराळा होता. ज्या गल्लीत लहानाचे मोठे झाले, त्या गल्लीत एका म्हातारीनं त्यांना तोंडावर लबाड ठरवलं होतं. आणि ती खोटं बोलत नव्हती. संस्थेतल्या पडद्यावर नाव खरोखरच त्यांचं होतं.

दशरथरावांचे वडील तांबट. दिवसभर घागरी आणि बंब ठोकायचे. दुकानात भांडं विकलं जायचं तेव्हा त्यावर नाव पडायचं ते घेणाऱ्याचं, नाहीतर आहेर देणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं नाव कुणी विचारतसुद्धा नसे. लहानपणी दशरथला याचा फार संताप यायचा. वडील हसायचे आणि म्हणायचे, "भांडं गळत नाही ना? मग झालं."

दशरथ शिकला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मेनफ्रेमच्या, म्हणजे संस्थेच्या मोठ्या मध्यवर्ती यंत्राच्या, कन्सोलवर ऑपरेटर म्हणून लागला. हल्लीच्या पोरांना वाटतं मेनफ्रेम म्हणजे संग्रहालयातली वस्तू. त्या पोरांच्या आजोबांची पेन्शन त्याच वस्तूवरून निघते, पण त्यांना कोण सांगणार? कन्सोलवर एक हुकूम टाकला की त्या घटकेला यंत्रात कोण कोण चालू आहे त्याची यादी उतरते. कुठला जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं कुठलं काम, तो कुठल्या पायरीवर आहे, खरंच काम करतोय की कशाची तरी वाट बघत बसलाय, आणि ओनर कोण, म्हणजे तो कुणाच्या नावावर चाललाय. ॲक्टिव्ह लिहिलं म्हणजे काम चाललंय असं नव्हे, हे दशरथराव प्रत्येक नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी सांगायचे. "आपल्या ऑफिसातही अर्धे लोक ॲक्टिव्ह असतात," हे वर.

त्यांनी एक रीत पाडली होती. पाळी बदलताना जाणाऱ्यानं यादी मोठ्यानं वाचायची, जॉब आणि ओनर दोन्ही, आणि येणाऱ्यानं प्रत्येक ओळीला "घेतलं" म्हणायचं. एकदा घेतलं म्हटलं की पुढचं बरंवाईट त्याचं. अनिरुद्धही हीच रीत शिकला होता. कॉलेजमधून नुकताच आलेला, हुशार, गोड बोलणारा. दशरथरावांनी त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून यादी कशी बघायची ते शिकवलं. पुढे तो चढत चढत विभागप्रमुख झाला.

प्रमुख झाल्यावर एक दिवस तोच म्हणाला होता, "दशरथराव, पेन्शनचे सगळे जॉब तुमच्या आयडीवर टाकू या का? तुमच्या हातात ते कधी चुकत नाहीत. नंतर बदलून घेऊ." खरं तर असे जॉब कुणाही माणसाच्या नावावर ठेवायचे नसतात, त्यांना स्वतंत्र आयडी लागतो. हे दोघांनाही माहीत होतं. पण दशरथरावांनी हो म्हटलं. का म्हटलं? तर आवडलं म्हणून. दर महिन्याला राज्यभरच्या म्हाताऱ्यांची पेन्शन निघायची आणि ओनरच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत करडे, करडे, करडे दिसायचं. तांबटाच्या पोराला त्याची भूल पडली.

ते 'नंतर' काही आलंच नाही. निवृत्तीच्या दिवशी संस्थेनं त्यांचा पास काढून घेतला, लॉकरची किल्ली घेतली, कँटीनचं कार्डसुद्धा घेतलं. नाव तेवढं आत ठेवून घेतलं.

हे त्यांना कळलंही होतं, ही खरी बोच. दिवाळी झाल्यावर ते मार्केट यार्डात कांदे निवडत होते तेव्हा नम्रताचा फोन आला. नम्रता म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली ऑपरेटर. "काका, कुठे आहात?"

"मार्केट यार्डात. कांदे बघतोय."

"इथं तर तुम्ही कामावर आहात. आत्ता यादी वाचली, अजून सगळीकडे तुमचंच नाव. काढायला सांगा हो अनिरुद्धसाहेबांना, बरं नाही ते."

दशरथराव हसले होते. छाती थोडी फुगलीही होती. कांदेवाल्याला त्यांनी उगाचच सांगितलं, "ऑफिसचं माझ्यावाचून चालत नाही अजून." आता ते वाक्य आठवून त्यांना स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटत होती.

त्यांनी नम्रताला फोन लावला. ती दबक्या आवाजात सगळं बोलली. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचे दाखले देतात, त्यांची फाईल जॉबला द्यायची असते. फाईलमध्ये ज्याचं नाव नाही त्याची पेन्शन थांबते. फाईल अर्धीच आली होती. "मी म्हटलं, उरलेली येऊ द्या. साहेब म्हणाले, वरून घाई आहे, आहे त्यावरच जॉब सुरू करून सोड. सोडला, आणि अर्धे लोक मयत झाले. आता चौकशी लागली आहे. साहेबांनी लिहून दिलंय की जॉब डी. करडे यांच्या आयडीवरून चालला, ते निवृत्त आहेत, खुलासा मागवतो."

"खुलासा माझा?"

"हो काका. आज दुपारी दुरुस्तीचा जॉब सोडणार आहेत." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "तोही तुमच्याच नावावर."

चोर सोडून संन्याशाला फाशी हे दशरथराव ऐकून होते. पण फाशी देऊन वर त्याच संन्याशाकडून पुढचं काम करून घेणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला. शालूताई म्हणाल्या, "अहो, दोन घास खाऊन जा." ते चपला घालून निघूनही गेले होते.

संस्थेच्या फाटकावर भैरू होता. पहारेकरी, जुन्या ओळखीचा. त्यानं उठून नमस्कार केला आणि वही पुढे न करता तसाच हात चोळत उभा राहिला.

"काका, मी वळखतो तुमाला. पन आत सोडायला यादीत नाव लागतंय. तुमचं न्हाई."

"माझं नाव यादीत नाही?" दशरथराव एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानं मान वर केली. "अरे, आत जाऊन बघ! तिथल्या यादीत माझ्याशिवाय दुसरं नाव नाही! माझ्या नावानं माणसं मारली जातायत आत, आणि मला फाटकात उभा करतोस?"

भैरू घाबरला. त्याचा काहीच दोष नव्हता, हे दशरथरावांनाही कळत होतं, पण राग एकदा सुटला की समोर असेल त्याला लागतो. "तुला नाही बोलत रे," ते म्हणाले. "वर फोन लाव. सांग, करडे आलाय. आत घेतलं नाही तर इथूनच सायबर पोलिसांकडे जातोय. माझ्या निवृत्तीनंतर माझा आयडी कोण वापरतंय ते त्यांना शोधू दे."

पाच मिनिटांत अनिरुद्ध स्वतः खाली आला. तेच गोड हसू. "या ना दशरथराव, एवढं चिडायला काय झालं? नुसती तांत्रिक बाब आहे. तुम्ही एक ओळ लिहून द्यायची, की आयडी माझ्याकडे होता, अनवधानानं राहिला. निवृत्त माणसाला कोण काय करणार? मला मात्र नोकरी करायची आहे."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. चूक कुणाची, नाव कुणाचं, दोन्ही. अडाणी असता तर दशरथरावांनी त्याला समजावून सांगितलं असतं. या माणसाला समजावण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, आणि मग तो शब्दच थुंकून टाकावा तसा टाकून दिला. "अनिरुद्ध. माझ्या गल्लीत एक म्हातारी राहते. तिनं मला लहानपणी खाऊ दिलाय. ती आज माझ्या घरचा चहा न घेता गेली. मला कोण काय करणार विचारतोस? हे केलंस."

अनिरुद्ध इकडे तिकडे बघू लागला. "बरं, तुमचा आयडी आत्ता बंद करतो, झालं?"

"नाही झालं. आत्ता बंद केलास तर दुरुस्तीचा जॉब पडेल आणि ती सगळी माणसं महिनाभर मेलेलीच राहतील. मला कळत नाही असं वाटलं का तुला? जॉब आजच जाणार. फक्त माझ्या नावावर जाणार नाही. तुझ्या नावावर जाईल."

"माझ्या?"

"सोड म्हणून तूच सांगितलंस ना? मग ओनर तूच. नाहीतर मी निघालो पोलिसांकडे."

कन्सोलच्या खोलीत गारठा होता, पूर्वीसारखाच. नम्रता खुर्चीत बसली होती. दशरथराव दारापाशी उभे राहिले, आत आले नाहीत. नम्रतानं जॉबच्या पहिल्या ओळीतलं करडे खोडलं आणि अनिरुद्धचा आयडी घातला. त्याच्याकडे वळून विचारलं, "सोडू?"

अनिरुद्ध पुढे वाकून पडद्याकडे बघत म्हणाला, "एक मिनिट. हयातीची फाईल पूर्ण आली आहे ना? शेवटची ओळ दाखव." नम्रतानं दाखवली. "पुणे जिल्हा आहे? सोलापूर? परत एकदा बेरीज जुळवून घे. आणि सोडायच्या आधी जुन्या फाईलची प्रत ठेव."

दशरथरावांना वाटलं होतं की अनिरुद्धचं नाव त्या रकान्यात बघितलं की राग उतरेल. उलट तो आता खरा पेटला. सगळं येत होतं याला. त्यांनीच शिकवलं होतं, यातलं काहीही तो विसरला नव्हता.

"माझं नाव होतं तेव्हा का नाही रे बघितलीस शेवटची ओळ?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि नम्रताला तेच जास्त भीतीचं वाटलं. "परक्याचं नाव होतं, म्हणून अर्धी फाईल चालली. आता स्वतःचं आहे तर दोनदा बेरीज करतोस."

बेरीज जुळली. जॉब सुटला. नम्रतानं यादीचा हुकूम टाकला आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. जॉबचं नाव, आणि ओनरच्या जागी अनिरुद्धचं.

दशरथराव अनिरुद्धकडे वळले.

"घेतलं म्हण," दशरथराव म्हणाले.

"दशरथराव, आता हे काय…"

"विसरलास? घेतलं म्हण. आणि चौकशीवाल्यांनाही हेच लिहून द्यायचं, नम्रता साक्षीला आहे."

अनिरुद्ध खाली बघत पुटपुटला, "घेतलं."

"ऐकू आलं नाही."

"घेतलं!"

जॉब संपला तसा नम्रतानं करडे हा आयडी यंत्रातून काढून टाकला. काढताना तिनं दशरथरावांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांचं नाव एका ओळीत गेलं आणि त्यांना वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी भैरूला दोन शब्द गोड बोलून घेतले.

संध्याकाळी ते सुंदराबाईंच्या दारात गेले. आत शिरले नाहीत. दारातूनच बोलले, आणि समोरच्या खिडक्यांना नीट ऐकू जाईल असं बोलले.

"मावशी, आज तुम्ही जिवंत झालात."

"कुणी केलं?"

"अनिरुद्ध म्हणून आमचे साहेब आहेत, त्यांनी."

"आणि मारलं होतं कुणी?"

"त्यांनीच."

सुंदराबाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग काठी भिंतीला टेकवून बाजूला सरल्या. "मग आत ये. चहा टाकते."