वाटीच्या बुडाशी

पवईच्या एका कंपनीत माझं काम म्हणजे लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणं. दिवसभर मी मोठमोठ्या साहेबांना फोनवर ऐकवत असते की वाढदिवसाची तारीख पासवर्ड म्हणून ठेवू नका आणि मॉनिटरला चिठ्ठी तर अजिबात चिकटवू नका. ही खोड घरीही सुटत नाही. भांडुपच्या आमच्या घरात आई आणि मी, दोघीच. तरी मी कपाटाला कुलूप लावते. आई म्हणते, "चोर आला तर मलाच विचारणार ना गं किल्ली कुठंय म्हणून? आणि मला तर तू सांगतच नाहीस."

अशा संशयी बाईने क्रिप्टो घ्यावं याचं माझं मलाच नवल वाटतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने काही वर्षांपूर्वी थोडं थोडं घ्यायला लागले. वरखाली होत ते बरंच वाढलं, आणि एके दिवशी मी ठरवून टाकलं की हे आईच्या गुडघ्यांचं. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, पण तेवढं चढायलाही ती कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत यायची. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "एवढा खर्च कशाला? चाललंय की." चाललेलं नव्हतं, हे मला रोज दिसत होतं.

मैत्रीण म्हणाली, जिथे विकत घेतलंस तिथेच पडू देऊ नकोस, स्वतःच्या वॉलेटमध्ये घे. वॉलेट म्हणजे फोनमधलं एक ॲप. ते सुरू करताना आपल्याला बारा इंग्रजी शब्द देतं, अगदी साधे, शाळेच्या पुस्तकातले. फोन हरवला, फुटला, तरी दुसऱ्या फोनवर हे शब्द त्याच क्रमाने टाकले की पैसे जागच्या जागी. पण तेच शब्द दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तर पैसे त्याचे, आणि मग तक्रार करायला ना बँक असते ना मॅनेजर. "फोटो काढू नकोस, ईमेलमध्ये ठेवू नकोस, कागदाचा तर भरवसाच नाही," ती म्हणाली. "लोक स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवतात यार."

स्टीलवर कोरायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात पट्टी येणं शक्य नव्हतं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. लग्नात द्यायचं असो की कुणाच्या स्मृतिदिनाला वाटायचं असो, दुकानात भांडं घेतलं की तिथेच नाव कोरून मिळतं. मी बारा वाट्या घ्यायचं ठरवलं. पण सगळे शब्द एकाच दुकानदाराला कसे द्यायचे? म्हणून चार वाट्या भांडुप स्टेशनजवळ घेतल्या, चार मुलुंडला आणि चार घाटकोपरला. शब्द बुडाला कोरायला सांगितले, म्हणजे वरून बघणाऱ्याला नुसत्या वाट्या दिसतील.

घाटकोपरचा दुकानदार मशीन हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, ये किसका नाम है?"

"नाम नहीं है. जो लिखा है वो डालो."

"शादी में देने का है क्या?"

"हां."

"सब को अलग अलग?"

"आप डालो." फोनवर साहेब लोक ज्या आवाजाने गप्प होतात त्याच आवाजात म्हटलं, तोही झाला. घरी येऊन मी कर्कटकाच्या टोकाने प्रत्येक वाटीच्या बुडाला ठिपके पाडले, म्हणजे कितवा शब्द ते कळावं. वाट्या कापडी पिशवीत बांधून माळ्यावर, मोठ्या पातेल्याच्या मागे सरकवल्या. आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगायचं नाही हा पहिला नियम, आणि नियम पाळायचा मला फार आनंद होतो.

मे महिन्यात हॉस्पिटलने महिनाअखेरची तारीख दिली. आईला मी कसंबसं राजी केलं होतं. आता क्रिप्टो विकून पैसे बँकेत आणायचे, एवढंच राहिलं होतं. नेमका त्याच आठवड्यात ऑफिसात माझा फोन लादी पुसायच्या बादलीत पडला आणि गेला. सगळे हळहळले. मी मात्र मनातून खूश होते. इतकी वर्षं लोकांना जे बजावत आले ते एकदा स्वतः करून दाखवायची संधी मिळाली, असंच वाटत होतं मला. संध्याकाळी येताना नवा फोन घेतला आणि जवळजवळ गुणगुणतच जिना चढले.

दारातच वेलचीचा वास आला. बुद्धपौर्णिमा होती. आमच्या ऑफिसला सुट्टी नसते, पण आईची खीर कधी चुकत नाही. दरवर्षी ती सगळ्या इमारतीत खीर वाटते. आई खुर्चीत बसली होती, एक पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. चेहरा मात्र नुसता फुललेला.

"काय सुंदर वाट्या आणल्यास गं!"

"कुठल्या वाट्या?"

"माळ्यावरच्या. खिरीचं पातेलं काढून द्यायला शेजारच्या वहिनींना सांगितलं, तर मागे पिशवी. मला लगेच कळलं. दरवर्षी मी कागदी द्रोणांच्या नावाने कटकट करते, खीर गळते म्हणून. तू ऐकत होतीस. बोलत नाहीस, पण करतेस हो. सगळ्यांना सांगितलं मी, लेकीने माझ्यासाठी आणल्या."

"किती वाटल्यास?"

"सगळ्या. पार चौथ्या मजल्यापर्यंत मी स्वतः गेले."

संताप आला, खोटं कशाला बोलू? तोंडाशी आलं होतं सगळं. पण तिचा गुडघा टम्म सुजला होता. त्या गुडघ्यांसाठी जमवलेले पैसे तिने त्याच गुडघ्यांनी जिने चढून घरोघर वाटले होते, आणि इतकं आनंदात मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "छान केलंस," एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

वाट्या गोळा करणं सोपं नव्हतं. आमच्याकडे कुणी रिकामी वाटी परत देत नाही. दार वाजवलं की "थांब गं, धुऊन देते" आणि मग त्यात घालायला काहीतरी शोधाशोध. कुठे शेंगदाण्याचा लाडू, कुठे चकली, कुठे लोणचं. नाही म्हटलं तर राग. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर वाटी उलटी करून, चष्मा चढवून वाचली. "हे काय, कंपनीचं नाव का?"

"हो आजोबा, कंपनीचं."

अकरा मिळाल्या. बाराव्या घराला कुलूप होतं. चौथ्या मजल्यावरच्या मालवणी काकू दुपारीच गावी निघाल्या होत्या, आणि प्रवासात खायला म्हणून खीर वाटीसकट घेऊन गेल्या होत्या. जाणकार माणूस एक हरवलेला शब्द खटपट करून शोधतो म्हणे. पण त्यासाठी त्याला उरलेले अकरा दाखवायचे, आणि तो जाणकार कोण, कुठला? तारीख पुढे ढकलावी तर आई पुन्हा "चाललंय की" म्हणून बसेल, ही धास्ती. काकू परतणार होत्या जून उजाडल्यावर.

दुसऱ्या दिवशी फोन केला. काकू खुशीत होत्या. "खीर काय झकास झाली होती गो! आवशीक सांग."

"काकू, ती वाटी आहे ना तुमच्याकडे?"

"वाटीसाठी फोन केलंस?" आवाज एकदम बदलला. "मी काय वाटी खातंय? रिकामी वाटी परत देतत काय कधी? आंबे भरून आणतंय, थांब."

मी अकरा वाट्यांची पिशवी घेऊन गच्चीवर उभी होते, आजूबाजूला कुणी नव्हतं. ऑफिसात कुणी फोनवर पासवर्ड विचारला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, आणि तेच करायची पाळी माझ्यावर आली होती. "काकू, वाटी उलटी करा. खाली इंग्रजीत एक शब्द आहे, तो एकेक अक्षर वाचून दाखवा. कुणाला सांगू नका. आईच्या ऑपरेशनचं अडलंय त्यावर."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग काकूंनी खालच्या आवाजात एकेक अक्षर वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं, मी न सांगता.

"माका काय कळूक नाय," त्या म्हणाल्या, "पण कोणाक सांगूचंय नाय. आवशीचा पाय बरो होवंदे."

नव्या फोनवर बारा शब्द टाकले. पैसे होते तिथेच होते. मी गच्चीच्या पायरीवर बसून चक्क रडले. मग उठून आधी नवं वॉलेट काढलं आणि सगळं त्यात हलवलं, कारण अख्ख्या इमारतीत फिरून आलेले शब्द कसलं गुपित. पुढे विकले, कर भरला, आणि आईचे दोन्ही गुडघे एकापाठोपाठ एक झाले. नव्या वॉलेटमध्ये थोडं उरलंय. त्याचे शब्द कुठे आहेत ते तुम्हाला सांगणार नाही, पण आईला ठाऊक आहे.

जुन्या बारा शब्दांमागे आता काहीच नाही, म्हणून त्या वाट्या खाली मांडणीवर आल्या. काकूंची आंब्याने भरून आली, तीही त्यांतच. वाट्या खरं कशासाठी घेतल्या होत्या ते आईला मी सांगितलेलं नाही. लेकीने माझ्यासाठी आणल्या असं ती अजून सांगते, आणि मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी रजा टाकली. "दे, मी नेते वर," म्हटलं तर आईने ट्रे माझ्या हातून काढून घेतला. मी दारात उभी राहून ऐकत होते. पावलं एकामागून एक, न थांबता वर गेली. मग चौथ्या मजल्यावरून तिचा आवाज आला, धाप नाही, काही नाही.

"घ्या. वाटी लेकीची आहे, हां. परत द्या आठवणीने."

"म्हायत आसा," काकू म्हणाल्या. "उलटी करून बघूचंय नाय."