माझ्याच श्रद्धांजलीला मी उभी

कॉलेजची परीक्षा आणि हळदीची काढणी आमच्या कुरुंद्यात एकाच वेळी येतात. दुसऱ्याच्या रानातली हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, यावरच आमचं घर चालायचं. मी पेपरला गेले की टोळीतले दोन हात कमी. मग मुकादम आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, सुनवायचा, "पोरगी काय कलेक्टर होऊन राहिली का?" शेवटच्या वर्षी मायनं अंगात ताप असताना माझ्या वाट्याचा वाफा काढला आणि मी इतिहासाचा पेपर दिला. बी.ए. झाले. कलेक्टर नाही, लाल बसची कंडक्टर झाले. आमच्या भागातल्या गाड्यांवरची पहिली बाई.

परवा वसमतला, आमच्या कॉलेजात, विद्यापीठाच्या नामवंत पदवीधरांचा मेळावा होता. नावांचा फलक लागतोय, त्यात तुम्हीही आहात, असा फोन आला. आबांनी ठेवणीतलं धोतर काढलं. आम्ही मागं बसलो. पुढच्या रांगेत एक न्यायाधीश, एक फौजी अधिकारी, बियाण्यांवर संशोधन करणाऱ्या एक बाई आणि नाटकांची प्रकाशयोजना करणारा एक जण. आबा प्रत्येकाकडं बोट करून विचारत होते, "ह्यो बी इथलाच?"

सूत्रसंचालक म्हणाले, आधी दिवंगत विद्यार्थ्यांना श्रद्धांजली वाहू. सगळे उठले. त्यांनी तीन नावं वाचली. तिसरं माझं होतं. वडलांच्या नावासकट, गावासकट.

मी तशीच उभी राहिले, मान खाली घालून. बोलावं की नाही तेच कळेना. मौन पाळायचं असतं म्हणून पाळलं. आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो, असंही वाटून गेलं. आबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मौन संपल्यावर तेच बोलले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"साहेब, माही पोरगी इथं हाय."

माना वळल्या. न्यायाधीश म्हणाले, "बाई, हयातीचा दाखला आणलाय ना?" लोक हसले. मला हसू आलं नाही. पडदा सरकला तर फलकावरही तेच रंगवलेलं. नावाआधी 'कै.'.

कॉलेजचा क्लार्क धावत आला. "ताई, तुमच्या फॉर्मवर 'कु.' होतं. खालचा उकार गेला अन् वर दोन मात्रा चढल्या. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"तंवर मला मेलेलीच ठेवता व्हय?"

जेवणाची पंगत बसली. आबा फलकाखाली फरशीवर बसून राहिले.

"आबा, चला जेवायला," मी म्हणाले.

"काहून येऊ? ते अक्षर निघाल्याबिगर घास उतरायचा न्हाई मला."

हे ऐकून न्यायाधीश पानावरून उठले. "पेंटरला बोलवा," ते क्लार्कला म्हणाले, "तोवर आम्हीही थांबतो."

पेंटर आला. 'कै.' खरवडून त्यानं मला विचारलं, "परत कु. लिहू का ताई?"

"नावाच्या आधी काहीच नको," मी म्हणाले. "नावानंतर पदवी आणि काम लिही."

आता त्या फलकावर माझं नाव आहे आणि त्यापुढं 'बी.ए., बसवाहक' असं लिहिलेलं आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.