बर्फातल्या नऊ नळ्या

ग्राफ इतका देखणा आला होता की सरांनी सगळ्यांना चहा मागवला.

मी अंबाजोगाईच्या एका लॅबमध्ये सिनियर टेक्निशियन. उंदरांचं रक्त तपासण्यातच केस पांढरे झाले. डॉ. वैशाली आमच्या लॅबप्रमुख सरांच्या हाताखाली एमडी करत होती. थिसिस उंदरांच्या बीपीवर. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीवर बारीक क्लिप लावली की काही आठवड्यांत उंदराचं बीपी चढतं. असे नऊ, आणि धडधाकट नऊ. प्रश्न एवढाच, की बीपीने प्लेटलेट बिघडतात का? प्लेटलेट म्हणजे जखमेवर रक्त गोठवणारे कण. ते नको तिथे चिकटले की गाठ होते आणि माणूस लकव्याने आडवा पडतो. वैशालीची आई तशीच पडली होती, शिरूर कासारला.

या चाचणीला इतकं रक्त लागतं की उंदीर वाचत नाही. म्हणजे रक्त एकदाच मिळतं.

त्या दिवशी रक्त काढून झालं आणि लाईट गेली. मे महिना. जनरेटर चालू होईना. अठरा नळ्या स्टँडमध्ये उभ्या. आमचे अटेंडंट बापूराव केजकडच्या मेंढपाळ घरातले, उंदरांनाही लाडाने हाका मारणारे. त्यांना म्हणालो, "या सांभाळा, खराब होऊ देऊ नका." आणि जनरेटरकडे पळालो. लाईट आल्यावर नळ्या मशीनमध्ये लावल्या. काही हाताला ओल्या लागल्या. पुसल्या आणि पुढे गेलो.

बीपीवाल्या नऊंच्या प्लेटलेट भराभर चिकटल्या. अगदी पुस्तकात लिहितात तशा. मनासारखं उत्तर आलं की त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. मीही घेतली नाही.

चहा पिताना बापूराव खुशीत म्हणाले, "म्याडम, दुखनाईत उंदरायचं रगत मीच वाचिवलं बरं का. लई ऊन व्हतं, नासलं असतं. माझ्या दुधाच्या किटलीत बर्फ व्हता. नऊच नळ्या मावल्या, मंग आजारी व्हते त्यायच्याच ठिवल्या."

वैशालीने कप खाली ठेवला. प्लेटलेटना गारवा चालत नाही. थंड झाल्या की त्या आकार बदलतात आणि आपोआप चिकटू लागतात. म्हणजे ग्राफ बीपीचा होता की बर्फाचा, हे सांगायला आता कोणी जिवंत नव्हतं.

सर बापूरावांवर कडाडले, "तुम्हाला हे शहाणपण कोणी सांगितलं होतं?"

"मी, सर," मी म्हणालो. "सांभाळा म्हणालो, कसं ते सांगितलं नाही. आणि नळ्या ओल्या होत्या, तेही मला कळलं होतं."

सरांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "वैशाली, सबमिशन तोंडावर आहे. हे इथेच राहू दे."

"सर, माझ्या आईच्या गोळ्या अशाच कोणाच्या तरी ग्राफवरून ठरल्यात," ती म्हणाली आणि रडू आवरत बाहेर गेली.

बापूरावांनी मला विचारलं, "मंग ती समदी उगंच मेली का, साहेब?"

"हो."

वैशालीने सगळे आकडे रद्द केले. तिचं सबमिशन सहा महिने लांबलं. पुन्हा परवानगी, पुन्हा अठरा उंदीर. फरक दिसला, पण जेमतेम. बापूरावांनी तेही उंदीर नीट पाळले, फक्त हाका मारल्या नाहीत.

आता मी कोणाला नुसतं 'सांभाळा' म्हणत नाही. काय करायचं नाही आणि का, हे आधी सांगतो. दोन मिनिटं लागतात.