सातवी खुर्ची राखीव

आमच्या तोंडपाठ सरांबद्दल कोणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं. आणि सगळे चांगलंच बोलतात, हाच तर वैताग!

खरं नाव विसरून अख्खं हॉस्पिटल त्यांना तोंडपाठ म्हणायचं. मूळचे केसपेपर लिहिणारे कारकून. उसन्या पुस्तकावरून पायथन शिकले आणि डायलिसिसच्या दहा खुर्च्यांवर कोणाला कधी बसवायचं याचा प्रोग्राम एकट्याने लिहिला. हुशार? प्रश्नच नाही. पण दोन हजार ओळींत एक कॉमेंट असेल तर शपथ! मी हाताखाली लागले तेव्हा म्हटलं, "सर, कोणती ओळ कशासाठी, ते शेजारी लिहून ठेवू या का?" तर म्हणाले, "कोड वाचता येणाऱ्याला कुबड्या कशाला? बाकी सगळं इथे आहे." आणि कपाळावर टिचकी. ती टिचकी मला अजून झोंबते.

माणूस सरळ, हे मान्य. मागच्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीला डायलिसिस सुरू झालं तेव्हा स्क्रीनवर 'जागा नाही' आलं, तर यांनी वशिला लावला नाही. ताई आठवड्यातून तीनदा, दोन तास बसने दुसऱ्या गावी जायच्या. शेवटी प्रवास झेपेना, जाणं सोडलं, आणि दोन आठवड्यांत गेल्या.

पुढे सर निवृत्त झाले. परवा नव्या डॉक्टरबाई कडाडल्या, "सातवी खुर्ची राखीव आहे कोणासाठी? बाहेर अकरा पेशंट ताटकळतायत!" नर्सना वाटायचं वरून हुकूम आहे, वरच्यांना वाटायचं नर्सनी सोय ठेवलीय. मी प्रोग्राम उघडला. एकच ओळ: खुर्ची सात असेल तर 'राखीव' दाखव आणि पुढे जा. का? देव जाणे! काढावी तर भीती. संसर्ग असलेल्या पेशंटसाठी ठेवली असेल आणि तिथे भलताच माणूस बसला, तर जिवाशी खेळ.

सरांना बोलावलं. चष्मा पुसून त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"ही मी लिहिली?"

"नाही, माझ्या आजीने लिहिली!" जीभ आवरलीच नाही माझी.

"आठवत नाही गं."

प्रोग्रामच्या जुन्या प्रती चाळून ती ओळ कधी आली तेवढी तारीख सापडली. सरांना घेऊन मशिनच्या मेकॅनिककडे गेले. चौथी पास माणूस. त्याने कपाटातून तेलकट वही काढली आणि बोट ठेवून वाचलं, "सात नंबर. पाण्याचा पाइप फुटला. दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं." पान उलटलं. "तिसऱ्या दिवशी चालू."

चार वर्षं झाली होती त्याला. दोन शब्द लिहायचे होते हो, 'दोन दिवस'! मनात साठलेलं सगळं आज ओकणारच होते मी, तेवढ्यात सरांनीच हळूच विचारलं, "म्हणजे मागच्या वर्षी... मागच्या वर्षी चालू होती?"

मेकॅनिकला बिचाऱ्याला काय माहीत. "हो की," तो म्हणाला, "दर महिन्याला बघतो मी. ठणठणीत आहे."